ग्रेटफुल डेड : आरंभीची मैफलींची ध्वनिमुद्रणे

‘ग्रेटफुल डेड’ हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६५ साली उदयास आलेला सायकेडेलिक रॉक वाद्यवृंद. जेरी गार्सिया, बॉब विअर, फिल लेश, बिल क्रॉइट्समन आणि ‘पिगपेन’ या नावाने ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन हे त्याचे आरंभीचे प्रमुख कलावंत. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक त्यांना येऊन मिळाला.

या वाद्यवृंदाचे खरे सामर्थ्य स्टुडिओतील तबकड्यांपेक्षा प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत प्रकट होते. ‘डार्क स्टार’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९६८ च्या तबकडीवर हे गीत ३ मिनिटांच्या आत संपते. २७ फेब्रुवारी १९६९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फिलमोर वेस्ट’ सभागृहात मात्र ते २३ मिनिटे चालले. ख्यालगायनाच्या श्रोत्यांना ही घडण अपरिचित वाटणार नाही. बंदिश लहान, विस्तार मोठा. भेद इतकाच, की येथे विस्ताराची सूत्रे एकाच्या हाती नसतात. गार्सियाची गिटार पुढे सरकते, तेव्हा लेशची बास गिटार केवळ आधार न देता स्वतःची वाट काढते, आणि सारे जण एकमेकांना ऐकत ऐकत रचना घडवितात.

हे वादन नोव्हेंबर १९६९ मध्ये निघालेल्या ‘लाइव्ह/डेड’ या दुहेरी अल्बममध्ये समाविष्ट आहे. रॉक संगीताच्या मैफलीसाठी १६ ट्रॅकचे ध्वनिमुद्रण वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर नोंदविल्यामुळे दोन ड्रम आणि दोन गिटारींच्या गर्दीतही प्रत्येकाचा स्वर निराळा ऐकू येतो. याच संचातील ‘द इलेव्हन’ ही रचना ११ मात्रांच्या आवर्तनात बांधलेली आहे. तीन-तीन-तीन-दोन असे विभाग मोजत ऐकल्यास तिची गंमत उलगडते. मिकी हार्टने तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले होते, ही बाब येथे ध्यानी घेण्याजोगी आहे.

या ध्वनिमुद्रणांत उणिवाही आहेत. सहगायन कधी बेसूर होते, कधी विस्तार भरकटतो. पण भरकटण्याची जोखीम पत्करल्यावाचून पुढचा उत्कट क्षण हाती येत नाही, हेच या संगीताचे मर्म होय. म्हणून एकच गीत दोन-तीन निरनिराळ्या रात्रींचे ऐकावे. काय ठरलेले होते आणि काय त्या क्षणी सुचले, हे तुलनेतूनच कळते.

अशी तुलना शक्य झाली, ती फिती जपल्या गेल्यामुळे. एलएसडीचा निर्माता म्हणून गाजलेला ध्वनितंत्रज्ञ ओस्ली स्टॅन्ली आपले काम तपासण्यासाठी मैफली नोंदवून ठेवीत असे. पुढे वाद्यवृंदाने श्रोत्यांनाही ध्वनिमुद्रणास आणि फितींच्या विनामूल्य देवघेवीस मुभा दिली. १९७३ मध्ये पिगपेन आणि १९९५ मध्ये गार्सिया निवर्तला. त्या वाद्यमेळाची एखादी रात्र आता पुन्हा अनुभवायची, तर या फितींवाचून दुसरा मार्ग नाही.