होळी ते पाडवा : नाणेघाटाची वाट

शिवरात्र झाली की आमच्या कुकडनेरातली थंडी काढता पाय घेते. पुराच्या कुकडेश्वराला गेलेली माणसं घरी परततात आणि पुढच्या पंधरा दिवसांत बांधावरचा पांगारा फुलतो. पानं झडून गेलेली, अंगाला काटे आणि फांदीच्या टोकाला तेवढी लाल फुलं. मागोमाग काटेसावर, मग ओढ्याकडेचा पळस. कुसुंबाला नवी पालवी येते ती तांबडीलाल. नवखा माणूस तिलाच फुलं समजतो. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात आणि त्यांचा वास सकाळच्या गार हवेत वाटभर येत राहतो.

जुन्नरहून घाटघर तीसेक किलोमीटर. माणिकडोह धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता पश्चिमेला जातो आणि शेवटी जमीनच संपते. पुढे खाली कोकण. डावीकडे जीवधन किल्ला, उजवीकडे नानाचा अंगठा, आणि मधल्या कातळाच्या चिरेतून खाली उतरते ती नाणेघाटाची वाट. होळी ते पाडवा या दिवसांत रविवारी सकाळी इथं पुण्या-मुंबईच्या गाड्या लागलेल्या असतात. पाठीला पिशव्या, डोक्याला टोप्या. विचारलं तर सांगतात, "फिरायला आलोय."

या शब्दाचं माझ्या आजीला शेवटपर्यंत कोडं होतं. ती पोरवयापासून हा घाट चढली-उतरली होती. जाताना डोक्यावर हिरडा नाहीतर नाचणी, येताना मीठ आणि सुकट. खालच्या वैशाखरे गावापासून वर यायला रिकाम्या माणसालाही दोन तास लागतात. ओझं घेऊन किती लागायचे ते तिनं कधी मोजलं नाही. मी शाळेत असताना एकदा म्हटलं, "आज्जी, तू किती वेळा हा निसर्ग बघितला असशील!" ती म्हणाली, "मान वर कराया कुठं जमत होतं? डोईवर मीठ असायचं. पायाखालचा धोंडा तेवढा बघितला."

आजीच्या आधी दोन हजार वर्षं याच धोंड्यांवरून माणसं ओझी वाहत होती. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली, सातवाहनांची राजधानी पैठण वर, आणि मधली सह्याद्रीची भिंत चढायची ती इथून. घाटाच्या माथ्याशी कोकणाकडे तोंड करून एक चौकोनी गुहा आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी तो अभ्यासला. राजघराण्याने केलेले यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं यांची ती लांबलचक यादी आहे. दोन, चार, सहा, सात, नऊ या आकड्यांची फार जुनी रूपं इथं पाहायला मिळतात. समोरच्या भिंतीत राजाराणीच्या आणि कुमारांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली, खाली मूर्ती. आज मूर्ती गेल्या आहेत आणि काहींची नुसती पावलं राहिली आहेत. मला ही गुहा आवडते ती त्या पावलांमुळे. एवढ्या मोठ्या राजघराण्याचं, एवढ्या चालत्या वाटेवर, नेमकं तेवढंच उरावं.

गुहेपासून थोडं वर, वाटेच्या कडेला दगडाचा मोठा रांजण आहे. तो जकातीचा, येणारे-जाणारे त्यात नाणी टाकायचे, म्हणून हा नाणेघाट, असं सगळे सांगतात. आजीचं मत वेगळं. "एवढा चढ चढून आल्याव माणसाला काय लागतं, पाणी का पैसं?" इतिहासाचे जाणकार काय म्हणायचं ते म्हणोत, पण आसपास कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी पाहिल्या की मला आजीचं बोलणं अगदीच टाकाऊ वाटत नाही.

पावसाळ्यात हा घाट ओझ्याच्या जनावराला नको असतो. धोंडे निसरडे, वाटेतून पाणी धावतंय, धुक्यात पुढचा बैल दिसत नाही. म्हणजे मालाची वर्दळ चालायची ती दिवाळीपासून पुढे, वळीव येईपर्यंत. फाल्गुन-चैत्र हा तिचा भर. ज्या दिवसांत आज आपण फुलं बघायला जातो, नेमक्या त्याच दिवसांत इथं घंटा, शेण, घाम आणि भांडणं असणार. त्या व्यापाराच्या पैशातून जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी कोरली गेली. दान देणाऱ्यांत धान्याचे व्यापारी आहेत, कासार आहेत, यवन आहेत. एका शक उपासकाच्या दानलेखात करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तनं आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तनं जमीन दिल्याची नोंद आहे. परमुलखातून आलेला माणूस, आणि दान दिलं ते झाडांसाठी. करंजाला चैत्रात नवी पालवी येते तेव्हा ती इतकी चकाकते की तेल लावल्यासारखी दिसते. त्या दानातलं एखादं झाड या दिवसांत कसं दिसत असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काळी कुणी नुसतं बघायला म्हणून बघत नव्हतं, असंही नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच मुलखाच्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. 'सह्याद्रि' लिहिणाऱ्या स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली मराठीत आणली. तिच्यातल्या एका गाथेत जमिनीवर पडलेली पळसाची फुलं बुद्धाच्या पायाशी लोटांगण घातलेल्या भिक्खूंसारखी दिसतात. लेण्याद्रीच्या पायथ्याला पळसाचा सडा पडतो तेव्हा ती गाथा मला आठवते. ती रचणाऱ्याच्या डोक्यावर त्या दिवशी तरी ओझं नसावं.

पुढे इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता काढला, तो १८३० साली खुला झाला. नंतर आगगाडी आली. मोठा माल तिकडे वळला आणि नाणेघाटात उरली ती आजीसारखी डोईवर वाहणारी माणसं. गंमत अशी, की ज्या मुंबईनं आमच्या घाटाचा व्यापार नेला तिनंच आम्हाला रविवार दिला. गावाला रविवार नव्हता. अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा, एवढीच सुट्टी. मुंबईच्या गिरण्यांतही आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं असं सांगतात. आज 'वीकेंड' म्हणून जो निघतो त्याला हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

आमच्या घरात हा रविवार आणला चुलत्यानं. तो गिरणीत बदली कामगार होता. खोलीत पंधरा माणसं, म्हणून रविवारी तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन बसायचा. शिमग्याला गावी आला, की होळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्हा पोरांना गोळा करायचा. फडक्यात भाकरी, कांदा, लसणाची चटणी. निघताना आजी विचारायची, "काय आणाया चाललाय?"

"काय नाय. बघाया."

"काय बघाया?"

याचं उत्तर त्याला देता यायचं नाही. पण घाटाच्या तोंडाशी बसवून तो आम्हाला खालच्या कोकणातली घरं दाखवायचा, तांबट कुठं ठोकतोय ते कान देऊन शोधायला लावायचा, पांगाऱ्याच्या फुलात चोच घालणाऱ्या साळुंक्या मोजायला लावायचा. अंजनीला निळी फुलं येतात हे मला त्यानंच दाखवलं. आमच्या घराण्यात घाटापर्यंत रिकाम्या हातानं गेलेला आणि तसाच परत आलेला तो पहिला माणूस. शेजारीपाजारी हसायचे. मुंबईनं पोराला येडं केलं, म्हणायचे.

त्यानंतर काही वर्षांनी शहरातली पोरं यायला लागली. गो. नी. दांडेकरांची किल्ल्यांवरची पुस्तकं वाचून आलेली काही असत. सुरुवातीला गावाला ते जंगलखात्याचे लोक वाटले. मग ओळख झाली, चहा झाला, आता जेवणाचे फलक लागले आहेत. यात वाईट काही नाही. चार घरांना पैसा मिळतो.

काळजी आहे ती वणव्याची. फाल्गुनात गवत कागदासारखं वाळतं. शेकोटी न विझवता कुणी उठलं, कुणी विडी टाकली, की डोंगर दोन दिवस जळतो. आमच्यातलेही काही जण नवं गवत चांगलं यावं म्हणून आग लावतात, तेही सांगितलं पाहिजे. जळतं ते नुसतं गवत नाही. पाडव्याच्या आगेमागे बाळहिरडा धरायला लागतो आणि वैशाखापर्यंत त्याची तोडणी चालते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न बरंचसं त्यावर असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना फार झगडावं लागलं. झाड पुन्हा फळायला वर्षं जातात.

म्हणून चैत्रात इथं येणार असाल तर सकाळी लवकर या. तेव्हा झाडावर माणसं असतात, खाली बाया-पोरं वेचत असतात. दहा वाजेतो घाटघरच्या कातळांवर हिरडा वाळत पडलेला असतो. पहिल्या दिवशी हिरवट, मग काळा पडत जाणारा. पुष्कळदा तो वाटेच्या अगदी कडेला असतो. फिरायला आलेली शहाणी माणसं वळसा घालून जातात. एखाद्याचं लक्ष अंगठ्याच्या सुळक्याकडे असलं, तर सावलीतून हाळी येते, "पाय जपून टाक रं बाबा, नातीची फी वाळतीय तिथं!"