दारूचे माप आणि उन्हाची साक्ष

देवळांतील उत्सवांच्या दारूकामाशी आमच्या वाचकांचा परिचय जुना आहे. ते करणाऱ्यांस ओल हा पहिला शत्रू वाटतो. सोरा, गंधक व कोळसा यांच्या काळ्या दारूस दमटपणा बाधतो. उन्हाळ्या-हिवाळ्याचा भेद तिला त्या मानाने थोडाच जाणवतो. बंदुकीतून ही काळी दारू गेली आणि धूरविरहित दारू आली, तेव्हा मात्र ऋतूंचा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्याची ही हकीकत.

१८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने अशी पहिली उपयुक्त दारू सिद्ध केली. पुढे नोबेलने बॅलिस्टाइट काढली, आणि १८८९ साली इंग्लंडात एबल व ड्यूअर यांनी कॉर्डाइट. तीत ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन व ५ भाग व्हॅसलीन असे. नोबेलच्या कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला. तो लॉर्डांच्या सभेपर्यंत जाऊन १८९५ साली फेटाळला गेला. कारण नोबेलच्या पेटंटात नायट्रोसेल्युलोज ‘विद्राव्य’ जातीचे म्हटले होते आणि कॉर्डाइटमधले तसे नव्हते. एका विशेषणावर एवढा खटला फिरला, याचे आम्हां वकिलांस कौतुक वाटते. पण सूर्याच्या न्यायासनापुढे हा भेद टिकणारा नव्हता. तेथे दोन्ही दारूंना एकच नियम लागू होता.

तो नियम असा: दारू मुळातच तापलेली असेल तर ती अधिक वेगाने जळते. त्यामुळे नळीतला दाब वाढतो, गोळी अधिक वेगाने सुटते आणि लांबच्या निशाणावर बहुधा वर लागते. थंडीत याच्या उलट घडते. सर्वसाधारण दारूत फॅरनहाइटच्या एका अंशामागे गोळीचा वेग सेकंदास सुमारे एक फूट, काही दारूंत त्याहून अधिक, बदलतो. वेगातला हा फरक क्षुल्लक वाटेल. दाबाचा तसा मानता येत नाही.

इंग्लंडच्या थंड हवेत ठरवलेले माप हिंदुस्थानच्या वैशाखात आले, तेव्हा याचा प्रत्यय आला. वाढलेल्या दाबाने पितळी नळकांडे नळीत घट्ट रुतून बसे आणि दुनळी रायफल चटकन उघडत नसे. समोर जखमी वाघ असता असा एक क्षणही जिवावर बेतणारा होता. म्हणून इंग्रज कारखानदारांनी उष्ण देशांसाठी काही ग्रेन कमी कॉर्डाइट घातलेली ‘ट्रॉपिकल’ काडतुसे निराळी काढली. एकाच बंदुकीला दोन देशांत दोन मापे लागली.

उन्हाचे दुसरे काम संथ असते. साठवणीतली दारू उष्णतेने हळूहळू विघटित होते. कॉर्डाइटमध्ये व्हॅसलीन घातले होते ते नळीला वंगण मिळावे म्हणून. पुढे कळले की ते दारूलाच टिकवून धरते. आपल्याकडे कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडू येथे उभारला गेला. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि तो, दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

शिकारीचा तो काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरला, आणि काडतुसे बनविण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. तथापि अमेरिकेसारख्या देशांत घरी काडतुसे भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत, आणि जुनी चूक त्यांच्याकडून नव्याने घडते. हिवाळ्यात कमाल मर्यादेपर्यंत भरलेले काडतूस उन्हाळ्यात मर्यादा ओलांडते. बार झाल्यावर टोपी चपटी दिसते, बोल्ट जड उघडतो. या खुणांकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा चेहरा त्या बोल्टापासून वीतभरच दूर असतो. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या काही आधुनिक दारूंवर तपमानाचा परिणाम कमी होतो; मुळीच होत नाही असे नव्हे.

म्हणूनच जाणते लोक दारूचे वजन टिपताना त्या दिवसाचे तपमानही टिपतात आणि काडतुसे सावलीत ठेवतात. तापलेल्या नळीत तर ती उगाच भरून ठेवीत नाहीत. साक्षीदार कोठे उभा होता हे विचारल्यावाचून आम्ही त्याची साक्ष मानीत नाही. तराजूची साक्षही याच रीतीने तपासावी, एवढेच आमचे सांगणे.