पाण्याच्या दोन नळ्या

एमआरआयचं पहिलं छापील चित्र माणसाचं नव्हतं. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक इथे पॉल लॉटरबर यांनी साध्या पाण्याने भरलेल्या काचेच्या दोन नळ्या जड पाण्यात ठेवल्या आणि त्यांचं चित्र उमटवलं. नळीचा आतला व्यास १ मिलिमीटर. मार्च १९७३ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. मूत्रवाहिनीचा एमआरआय पाहताना मला त्या नळ्या हटकून आठवतात. इथेही शोधायचं असतं ते बारीक नळीतलं पाणीच.

लघवी कुठे तुंबली हे एमआरआयआधी आयव्हीपी ही एक्स-रे तपासणी सांगत असे. १९२९ मध्ये बर्लिनला मोझेस स्विक यांनी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन एक्स-रेवर मूत्रमार्ग दाखवला. पण तुंबलेलं मूत्रपिंड ते औषध नीट बाहेर टाकत नाही. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच चित्र फिकं.

ही अडचण सुटली जर्मनीत, फ्रायबुर्गला. युर्गेन हेनिग यांची ‘रेअर’ पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लगेच मूत्रमार्गासाठी वापरली गेली. युक्ती सुरेख आहे: ऊतींचा संदेश झटकन विरतो, साचलेल्या पाण्याचा रेंगाळतो. तेवढाच टिपायचा. काळ्या पडद्यावर मूत्रपिंडातली पांढरी फांदी उमटते, तिच्या टोकाला कळ्यांसारखे पेले, खाली मूत्रवाहिनीचा दोरा. खडा असेल तिथे त्या पांढऱ्यात काळी खाच दिसते. सुई नाही, औषध नाही, किरणोत्सर्गही नाही.

पण फुगलेली किडनी म्हणजे अडलेली किडनी नव्हे. गरोदरपणात उजवी बाजू बऱ्याचदा फुगते. तान्ह्या बाळांची सूज पुष्कळदा आपोआप ओसरते. म्हणून नुसतं चित्र पुरेना, प्रवाह मोजावा लागला. अटलांटातल्या बालरोग-रेडिओलॉजिस्टांनी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड आणि चित्रात उठून दिसणारं गॅडोलिनियम देऊन घड्याळ लावलं: गॅडोलिनियम मूत्रपिंडातून मूत्रवाहिनीत २४५ सेकंदांच्या आत उतरलं तर वाट मोकळी, ४९०च्या पुढे गेलं तर अडथळा, मधल्यांचा निकाल लांबणीवर.

२००६ मध्ये गॅडोलिनियमचा धोका पुढे आला. किडनी फारच निकामी असलेल्या काही रुग्णांची त्वचा त्याने कडक होत होती. तेव्हा बिनऔषधाच्या पद्धतींना महत्त्व आलं. त्यांतली डिफ्युजन ही पद्धत पेशींमधल्या पाण्याची हालचाल मोजते. ‘बोल्ड’ ही दुसरी रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज देते; मेंदूसाठी गाजलेली ही पद्धत पोट्टुमर्ती प्रसाद यांनी १९९६ मध्ये मूत्रपिंडावर वापरून दाखवली. तुंबण्याने किडनीचं नुकसान किती होतंय, हे या दोन्हींतून कळावं अशी आशा आहे. रोजच्या तपासणीत मात्र त्या अजून रुळलेल्या नाहीत. मुतखड्यासाठी तर सीटीच सरस.

तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘हायड्रोनेफ्रोसिस’, म्हणजे फुगलेली किडनी, हा शब्द दिसला, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: नुसती सूज आहे, की वाट अडली आहे?