शाळाच कुरणात गेली

आपल्या मंडळाने कामतघरात मुलींचा वर्ग काढला, तेव्हा वेळ ठेविली सकाळी अकराची. पाट्या आणल्या, सतरंजी अंथरली. मुली आल्या तीन! बाकीच्या घरी आईबरोबर कांड्या भरीत बसलेल्या. मला रागच आला. पुढे कोसबाडची हकीकत वाचनात आली, आणि चूक कोणाची ते उमगले.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. इटलीच्या मॉंटेसोरीबाईंची पद्धत ताराबाईंना प्रिय. पण ती महागडी साधने खेड्यात कोठून यायची? मग शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले केंद्रात येईनात, म्हणून वर्ग त्यांच्या वस्तीतल्या अंगणात भरविला. तीच अंगणवाडी! १९७५ साली सरकारी योजनेने हे नाव देशभर नेले.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. तेथील मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. तेव्हा बाईंनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. जगातील शिक्षणतज्ज्ञ ‘अनौपचारिक शिक्षण’ हा शब्द १९७० च्या सुमारास बोलू लागले. असो, विद्वानांना उशीर व्हायचाच.

आम्हीही वर्ग संध्याकाळी साडेसातला, मुलींच्याच गल्लीत नेला. गेल्या सोमवारी बेरीज कांड्यांवर शिकविली. अकरा मुली होत्या. एक धाकट्या भावास कडेवर घेऊन आली होती.