भायखळा रेल्वे स्थानक

भायखळा रेल्वे स्थानक : मुंबई शहरातील मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील एक ऐतिहासिक स्थानक. ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या उत्तरेस सु. ४ किमी. वर, सँडहर्स्ट रोड व चिंचपोकळी या स्थानकांच्या दरम्यान आहे. भारतातील पहिल्या सार्वजनिक प्रवासी लोहमार्गाशी त्याचा आरंभापासून संबंध असून, वापरात असलेल्या देशातील सर्वांत जुन्या स्थानक-इमारतींत त्याच्या इमारतीची गणना होते.

मुंबईहून अंतर्भागाकडे लोहमार्ग नेण्याच्या विचारास १८४० नंतर चालना मिळाली. दख्खन व वऱ्हाडातील कापूस बंदरापर्यंत त्वरेने आणणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांनी या योजनेचा पुरस्कार केला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची १८४९ मध्ये कायद्याने स्थापना झाली. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिल्यामुळे इंग्लंडमधील भागधारक पुढे आले. जेम्स जॉन बर्कली हे मुख्य अभियंता होते. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवनजीक कामाचा आरंभ झाला. मार्गाची रुंदी १,६७६ मिमी. ठेवण्यात आली. मुंबईच्या बेटावरील सखल, दलदलीची जमीन ही बांधकामातील मोठी अडचण होती. भायखळ्याभोवतीचा प्रदेशही असाच सखल होता. बांधकामाच्या सामानाची ने-आण करण्यासाठी १८५२ मध्ये भायखळ्याजवळ वाफेचे एंजिन प्रथम चालविण्यात आले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव त्यास देण्यात आले होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. तिला १४ डबे होते व त्यांतून सु. ४०० निमंत्रित प्रवास करीत होते. ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या तीन एंजिनांनी ती ओढली. या मार्गाची लांबी सु. ३४ किमी. होती. १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. पुढे बोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळ घाटातील मार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाल्यावर मुंबईचा दख्खनशी व खानदेश-वऱ्हाडाशी सलग संबंध जुळला. मात्र मालवाहतुकीसाठी कल्पिलेल्या या मार्गाच्या मुंबईनजीकच्या भागाचा रोजच्या कामकरी प्रवाशांनीच पुढे अधिकाधिक उपयोग केला. गिरण्या वाढल्या तसे भायखळ्याचे रूपही पालटले. युरोपीय व धनिकांच्या बंगल्यांचा हा भाग कामगारवस्तीचा झाला.

भायखळ्याचे आरंभीचे स्थानक लाकडी होते. सध्याची दगडी इमारत १८५७ मध्ये पूर्ण झाली. बोरीबंदरच्या मूळ स्थानकाची जागा १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या भव्य टर्मिनसने घेतली. भायखळ्याची लहान इमारत मात्र नित्य वापरात राहूनच टिकली. पुढील काळात तिच्यावर चढलेले रंगाचे थर व इतर भर दूर करून मूळ स्वरूप पुन्हा प्रकट करण्याचे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कार लाभला. टर्मिनसच्या वैभवाहून वेगळे असे आरंभीच्या रेल्वेचे साधे, उपयुक्त रूप येथे पाहावयास मिळते, यातच या वास्तूचे ऐतिहासिक मूल्य आहे.