इनटेक पाइप, मोटारीचा (बदली) : साहित्य

एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडीपर्यंत किंवा टर्बोच्या तोंडापर्यंत नेणारी नळी म्हणजे इनटेक पाइप. कंपनीने बसवलेली नळी काढून हौशी मोटारमालक दुसरी विकत घेतात किंवा करवून घेतात. ती कशाची असावी, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांवर दाब असतो, त्यामुळे त्यांचा निकष वेगळा लागतो; त्यांचा उल्लेख इथे ओघातच येतो.

हे काम पुण्यात सहज होते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे मोटारी बनतात, नाना पेठेत सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे आणि सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी-नऱ्हे पट्ट्यात लेथ, शीटमेटल, वेल्डिंग, पावडर कोटिंगचे छोटे गाळे वस्तीला खेटून उभे आहेत. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि इमारती वाढल्या, तरी गाळे टिकून आहेत. एकच नळी हवी असेल तर कारखान्यापेक्षा असा गाळाच उपयोगी पडतो.

कंपनीची मूळ नळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. ती हलकी व स्वस्त असते, गंजत नाही आणि साच्यातून हव्या त्या वळणाची निघते. मध्ये रबराचा चुणीदार तुकडा असतो, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते आणि फिल्टरचा डबा बॉडीला घट्ट बसवलेला असतो. बाजूला जोडलेला पोकळ कप्पा हवेचा घोंघाट कमी करण्यासाठी असतो. तो काढला की आवाज वाढतो, आणि बऱ्याच मालकांना हाच आवाज वाढलेली ताकद वाटतो.

बदली नळ्यांत ॲल्युमिनियम सर्वाधिक चालते. ६०६३ या मिश्रधातूची नळी चांगली वाकते, ६०६१ अधिक मजबूत. ॲल्युमिनियमची घनता २.७, स्टेनलेस स्टीलची सुमारे ८. म्हणजे वजन साधारण एक तृतीयांश. नळी मॅन्ड्रेलवर वाकवलेली हवी. आतून आधार न देता वाकवली तर वळणावर ती चपटी होते आणि हवेची वाट तिथेच अरुंद होते. तुकडे कापून आर्गन वेल्डिंगने जोडले असतील तर आतला वेल्डचा उंचवटा घासून काढावा लागतो, आणि नळी आतून धुऊन, हवा मारून मगच बसवावी लागते. ही नळी फिल्टरनंतर येते. तिच्यातून सुटलेला धातूचा कण अडवणारे पुढे काहीच नसते, आणि लहान टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते. टोकाला बीडिंग, म्हणजे किंचित उचललेली कड, नसेल तर जोडाची होज दाबाखाली निसटते.

साध्या लोखंडी, म्हणजे एमएसच्या, नळीला कण सुटण्याच्या याच भीतीने नकार द्यावा. पावडर कोटिंग बाहेरून शोभते, पण आतून गंज धरतो आणि त्याच्या खपल्या सरळ इंजिनात जातात. ३०४ दर्जाचे स्टेनलेस गंजाला टिकते, मात्र जड असते.

जोडांसाठी आणि अवघड वळणांसाठी सिलिकॉनची होज वापरतात. चांगल्या होजमध्ये पॉलिएस्टर किंवा ॲरामिड कापडाचे तीन-चार थर असतात आणि ती १८० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते. टर्बोच्या बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते, म्हणून हा गुण महत्त्वाचा. सिलिकॉनचा शत्रू मात्र तेल. क्रँककेसमधून येणाऱ्या वाफेत तेल असते. ते साध्या सिलिकॉनमध्ये मुरते, होज फुगते, थर सुटू लागतात आणि बाहेरून चिकटपणा जाणवतो. त्यासाठी आतून फ्लुओरोसिलिकॉनचे अस्तर असलेली होज घ्यावी. ईपीडीएम रबर तर तेलापुढे सिलिकॉनहूनही कमकुवत. फिल्टर आणि टर्बो यांमधल्या भागात दाब नसून ओढ असते, त्यामुळे तिथे पातळ, कापड नसलेली होज आत चेपते. दाबाच्या बाजूला साध्या होज क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लँप लावतात.

कार्बन फायबर हलके आणि देखणे, पण नळीच्या वजनातली बचत मोटारीच्या वजनापुढे नगण्य आहे. प्लंबिंगची पीव्हीसी नळी सुमारे ८० अंशांना मऊ पडते. थ्रीडी प्रिंटिंगचे पीएलए तर ६० च्या आसपासच. बॉनेटखाली या दोहोंना जागा नाही.

धातूची नळी तापते आणि आतली हवा तापवते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो कितपत खरा, हे हिशेबाने पाहावे. १,२०० सीसीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा घेते. ६३ मिलिमीटर व्यासाच्या, ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीतून ती हवा सेकंदाच्या सुमारे तेराव्या भागात पार होते. नळीच्या दोन्ही अंगांना चिकटलेला हवेचा पातळ थर उष्णतेला ॲल्युमिनियमच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त अडवतो. म्हणून चालत्या गाडीत ॲल्युमिनियम व प्लास्टिक यांतला फरक सांगितला जातो तेवढा पडत नाही. थांबलेल्या गाडीत चित्र पालटते. आयडलिंगला त्याच नळीत हवा अर्ध्या सेकंदाहून अधिक रेंगाळते, आणि संध्याकाळच्या सिंहगड रस्त्यावर गाडी बराच वेळ आयडलिंगलाच असते. तरीही निर्णायक गोष्ट फिल्टरची जागा हीच. उघडा फिल्टर रेडिएटरमागच्या गरम हवेत ठेवला, तर नळी कशाचीही केली तरी तोटाच. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या पुण्यात हवा मुळातच थोडी विरळ आहे.

थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेण्याची पद्धत आहे. इथे ती धोक्याची ठरते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांपर्यंत पोहोचले होते. फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढते. पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी हवेचे तोंड वर का ठेवते, याचे एक मोठे कारण हेच.

मॅफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत साहित्याइतकाच आतला व्यासही महत्त्वाचा. सेन्सर बसतो त्या जागेचा व्यास बदलला की हवेचे माप चुकते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसले तरी तेच होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. इनटेक बदलल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून मूळ नळी, डबा आणि क्लिपा जपून ठेवाव्यात.