रसायनशाळेचे दार : डॉ. कमलाबाई सोहोनी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रसायनशास्त्राचा व पदार्थविज्ञानाचा इतिहास वाचू लागलो की क्युरी, रुदरफोर्ड, बोर ही युरोपातील नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ती वंदनीय आहेतच. परंतु त्याच काळात एका मराठी घरातील कन्येने या शास्त्रांच्या प्रांगणात पाऊल टाकले, तिचा वृत्तान्त आमच्या खानदेशातील कुटुंबांना त्याहूनही जवळचा वाटावा असा आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो थोडक्यात ठेवीत आहोत.

जमशेटजी टाटा यांच्या दानातून १९०९ साली बंगळूर येथे विज्ञानसंस्था स्थापन झाली. क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन या वायूंच्या शोधात सर विल्यम रॅम्से यांचे सहकारी असलेले मॉरिस ट्रॅव्हर्स हे तिचे पहिले संचालक. या संस्थेत शिकून रसायनशास्त्रज्ञ झालेल्या मराठी तरुणांत नारायणराव व माधवराव भागवत हे बंधू होते. नारायणरावांच्या कन्या म्हणजेच कमलाबाई. विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. घरी वडील आणि काका दोघेही रसायनाचे उपासक असल्यामुळे मुलीने तेच शास्त्र शिकावे यात त्या घराला नवल वाटले नाही.

नवल वाटले ते बाहेरच्यांना. १९३३ साली रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अग्रभागी आल्या व त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि सत्याग्रहाचा निश्चय सांगितला. अखेर प्रवेश मिळाला. मात्र पहिले वर्ष परीक्षेचे राहील आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशा अटींवर. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला. रामन यांच्या थोरवीविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. पण थोर पुरुषाच्या हातूनही अन्याय घडू शकतो, हे इतिहासाने नोंदवलेच पाहिजे.

श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. वर्षभरात त्यांच्या कामाने संचालकांचे समाधान झाले, आणि पुढे येणाऱ्या मुलींसाठीही ते दार किलकिले झाले. १९३६ साली एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात असताना, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, असे त्यांनी दाखविले. प्राणिमात्राप्रमाणेच वनस्पतीची पेशीही श्वसन करते. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविण्याचे काम हे द्रव्य करते. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता. १९३९ साली डॉक्टरेट घेऊन त्या स्वदेशी परतल्या.

दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापिका झाल्या. येथे त्यांचे शास्त्र गरिबाच्या ताटापर्यंत आले. काही कच्च्या शेंगांत व कडधान्यांत आमच्या पोटातील ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अटकाव करणारे घटक असतात. त्यांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. चांगले शिजविल्याने अशा घटकांचा जोर बराच कमी होतो. नीरा व ताडगूळ यांच्या पोषणगुणांवरील त्यांच्या कार्यास राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

आमच्या माउल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी थापीत आल्या. धान्यात लायसिन कमी, ते कडधान्य पुरविते. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्य पुरविते. चुलीपाशी चालत आलेल्या या शहाणपणाची उपपत्ती सांगणारे शास्त्र ते कमलाबाईंचेच. मग स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये भिंत आहे असे आम्ही का मानावे?

१९६९ पर्यंत त्या त्याच संस्थेत होत्या. संचालकपद मिळण्यासही त्यांना विलंब सोसावा लागला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. कमलाबाईंना बंगळूरचे दार त्यांच्या निर्धाराने उघडले. पण तो निर्धार करण्याचे बळ त्यांना घरातून मिळाले होते. खानदेशात आज साधनांची वाण नाही. १९४० नंतरच्या दशकात जळगावास मूळजी जेठा व अमळनेरास प्रताप महाविद्यालय निघाले. १९९० पासून जळगावास विद्यापीठही आहे. तरीही मुलगी शास्त्रशाखेत पुढे जाऊ लागली की "एवढे शिकून काय करायचे?" हा प्रश्न परक्यापेक्षा आप्तांच्याच मुखी अधिक येतो. संस्थेच्या संचालकाने लोटलेले दार ठोठावता येते. आपल्याच घराने लोटलेले दार मुलीने कसे ठोठवावे? जळगाव-धुळ्यातील आमच्या प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या उंबरठ्यावर द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती.